‘एक्सायटेड’चं आमच्या शाळेत काय झालं

माझ्या नोकरीला बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत मला कुणी हसलंच नाही असं नाही, पण चाळीस माणसं एकदम हसली ती त्याच दिवशी. पाथर्डीत इंग्रजी संभाषणाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. तालुक्यातले आम्ही प्राथमिक शिक्षक एका हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो आणि एकेकानं उठून इंग्रजीत ओळख करून द्यायची होती. माझी पाळी येईपर्यंत मी माझी वाक्यं मनात घोळवून घोळवून पार गुळगुळीत केली होती. नाव, गाव, शाळा सांगून झालं आणि शेवटी मी हसून म्हणाले, "आय ॲम व्हेरी एक्सायटिंग टू बी हिअर."

प्रशिक्षण देणारे सर माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान असतील. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही एक्सायटिंग आहात की नाही, ते इतरांना ठरवू द्या की."

सगळा हॉल हसला. मागच्या रांगेतले पुरुष जरा जास्तच वेळ हसले. मीही हसले, कारण अशा वेळी दुसरं काय करणार? कान मात्र गरम झाले होते.

"एक्सायटेड म्हणा. एक्सायटेड. चला, नेक्स्ट."

माझं काय चुकलं आणि का चुकलं, हे काही त्यांनी सांगितलं नाही. चहाच्या सुट्टीत मी विचारायला गेले, तर ते फोनवर बोलत होते. दुपारी प्रत्येकाला एकेक शब्द वाटून दिला. तो आठवडाभर वर्गात शिकवायचा, एखाद्या मुलाकडून वापरून घ्यायचा आणि एक मिनिटाचा व्हिडिओ करून ग्रुपवर टाकायचा. मला ‘एक्सायटेड’ दिला. मुद्दाम दिला असं मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही वाटतं.

प्रशिक्षण संपवून शाळेत गेल्यावर मी आधी कपाटातला शब्दकोश काढला. अर्थ दिला होता: उत्तेजित, प्रक्षुब्ध. मोबाईलवर बघितलं तर तिथंही तेच. आता तिसरी-चौथीच्या लेकरांपुढं उभं राहून मी ‘बाळांनो, मी आज उत्तेजित आहे’ असं म्हणायचं का? आमची शाळा दोनशिक्षकी. दुसऱ्या वर्गावरचे सर हिशोबी माणूस, ते म्हणाले, "उत्सुक लिहा ना मॅडम. कशाला डोक्याला ताप?" पण उत्सुक हा शब्द आम्ही पेपरात वाचतो, घरात कोण म्हणतं? ‘आई, मी जेवायला उत्सुक आहे’ असं म्हणणारं लेकरू मी तरी पाहिलेलं नाही.

संध्याकाळी मी माझ्या मुलीला फोन लावला. ती पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला कायम घाई असते.

"अगं आई, ज्याला वाटतं तो एक्सायटेड. ज्याच्यामुळं वाटतं ते एक्सायटिंग. यात्रा एक्सायटिंग, पोरं एक्सायटेड. संपलं."

एवढंच होतं ते. अर्ध्या मिनिटात झालं. बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, डी.एड. केलं, किती प्रशिक्षणांतून सह्या करून चहा पिऊन आले, पण ही अर्ध्या मिनिटाची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. राग कुणावर काढायचा तेच कळेना, म्हणून मी तो भाकरीवर काढला आणि भाकरी फाटली.

मग मी रोज मुलीला फोन करून वाक्यं ऐकवायला लागले. "आय ॲम एक्सायटेड अबाउट द इन्स्पेक्शन," मी म्हणाले.

"आई! इन्स्पेक्शनला कोण एक्सायटेड असतं?"

"का? छातीत धडधडतंच की."

"धडधडतं, पण भीतीनं. हे आनंदानं धडधडणं आहे. अजून व्हायचंय, आणि होणारे म्हणून तुला आत्तापासूनच भारी वाटतंय. कळलं का?"

ते मात्र मला नीट कळलं. आपण म्हणतो ना, कधी एकदा अमकं होतंय असं झालंय, तेच हे. आपल्याकडं त्याला अख्खं वाक्य लागतं, त्यांनी एका शब्दात बसवलंय. कळल्यावर जरा बरं वाटलं, आणि लगेच चीडही आली. एवढा साधा, आपल्या रोजच्या जगण्यातला अर्थ, आणि शब्दकोशात बघावं तर प्रक्षुब्ध!

वर्गात मी हेच सांगितलं. फेब्रुवारीचे शेवटचे दिवस होते. आमच्या वस्तीवरची निम्म्याहून जास्त घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. काही लेकरं आईबापाबरोबर जातात, काही आजी-आजोबांजवळ राहतात. त्यामुळं वर्गात त्या वेळी तेराच जण होते. मी विचारलं, "असं काय आहे, की जे अजून झालेलं नाही, पण नुसतं आठवलं तरी बरं वाटतं?"

मग एकजण म्हणाला, "खिचडी."

"अरे, खिचडी तर रोजच असते."

"मग अंडं. बुधवारी."

"मढीची यात्रा," दुसरी म्हणाली. हे मला आवडलं. फळ्यावर लिहिलं, सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. पण म्हणायचं म्हणून म्हणत होते, पाढे म्हणतात तसं. कुणाच्या तोंडावर काही उमटत नव्हतं. व्हिडिओत तोंड दिसतं. मला ते चाळीस जणांचं हसू पुसून काढायचं होतं, आणि त्यासाठी एक तरी लेकरू असं पाहिजे होतं की ज्याला खरंच तसं वाटतंय.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत चौथीतली एक मुलगी माझ्याजवळ आली. ती आजीजवळ राहायची. हुशार, अक्षर वळणदार, पण वर्गात हात वर करायची नाही. माझ्या पदराशी चाळा करत हळूच म्हणाली, "बाई, आईचा फोन आल्ता. पुढल्या रविवारी येनारेत ती दोघं."

असं सांगताना तिचे डोळे काय दिसत होते! मी लगेच म्हणाले, "हेच! हेच एक्सायटेड! बोल बरं, आय ॲम एक्सायटेड."

ती मागं सरकली. "न्हाई बाई. बोलायचं न्हाई. आजी म्हंती, आधी बोललं का नाट लागतं. म्या निस्तं तुमाला सांगितलं."

"असं काही नसतं गं. नाट-बिट काही लागत नाही. आपण विज्ञान शिकतो ना?"

हे मी शिक्षिकेच्या आवाजात म्हणाले. त्या आवाजापुढं चौथीतलं लेकरू काय बोलणार? मी तिला लिंबाखाली नेलं, केस सारखे केले, आणि मोबाईल धरला. "आय ॲम एक्सायटेड. माय मदर इज कमिंग ऑन संडे." एवढं दोन ओळींचं, पण पहिल्यांदा ती ‘एक्साटेड’ म्हणाली, मग ‘संडे’ विसरली, मग मधेच शेळी आली. पाचव्या वेळी बरोबर झालं, पण तोंड सुतकी. मी वैतागून म्हणाले, "अगं, आई येणारे ना तुझी? मग हस की!" सहाव्या वेळी तिनं डोळे मिटले, उघडले आणि म्हणाली. शब्द बरोबर, जागा बरोबर, आणि चेहऱ्यावर ते सगळं.

ग्रुपवर टाकल्या टाकल्या टाळ्यांचे, अंगठ्यांचे ढीग पडले. त्याच प्रशिक्षक सरांनी लिहिलं, ‘सुपर्ब मॅडम! परफेक्ट युसेज!’ केंद्रप्रमुखांनी तो व्हिडिओ पुढं पाठवला, मग तो तालुक्याच्या ग्रुपवर गेला. दिवसभर माझा फोन वाजत होता. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? वर्गातल्या लेकरांनाही मी तो दोनदा दाखवला.

रविवारी तिचे आईबाप आले नाहीत.

सोमवारी मी वर्गात शिरतानाच उत्साहानं इंग्रजीत विचारलं, "सो, डिड युवर मदर कम?" तिनं मान हलवून नाही म्हटलं आणि वहीत बघायला लागली. मला वाटलं, एक-दोन दिवसांचा प्रश्न असेल. मग कळलं, की कारखाना बंदच झाला नव्हता. कारखान्याचा हंगाम संपतो त्याला ही माणसं पट्टा पडला म्हणतात. पट्टा पडल्याशिवाय मुकादम तोडणाऱ्यांच्या टोळीला हलू देत नाही, आणि या वर्षी शेतांमधून ऊस अजून उभा होता.

त्याच आठवड्यात माझ्या भावाचा राहुरीहून फोन आला. माझं माहेर तिकडचं, पाटपाण्याचं, ऊस पिकवणारं. "ताई, कारखाना अजून पंधरा दिवस तरी चालला पाहिजे बघ. आपल्या उसाच्या तोडीचा नंबर अजून आला नाही. टोळीवाले गावाला जायची घाई करायला लागलेत." तो आपल्या जागी काही चुकीचं बोलत नव्हता. पण मला त्याच्याशी बोलवेना. भांडं गॅसवर ठेवलंय असं सांगून मी फोन ठेवून दिला. लहानपणी आमच्या रानात टोळी उतरली की आम्ही भावंडं आनंदानं नाचायचो, वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, मोळ्यांवरून उड्या मारायचो. त्या बायकांची वाट कुणी बघत असेल, असा विचार मी आयुष्यात एकदाही केला नव्हता, आणि मी तर बाई म्हणून लोकांच्या लेकरांना शिकवत होते.

पुढचा रविवारही तसाच गेला. त्या सोमवारी मी व्हरांड्यात वही तपासत होते आणि मैदानातून आवाज आला, "माय मदर इज कमिंग ऑन संडे!" दोन पोरं तिच्या मागं मागं पळत, तिच्याच सुरात, डोळे मिटून उघडून तिची नक्कल करत होती. उच्चार अगदी स्वच्छ. अख्ख्या वर्षात त्यांना एवढं स्वच्छ इंग्रजी वाक्य आलं नव्हतं. आलं ते हे, आणि ते मीच दोनदा दाखवून पाठ करून घेतलं होतं.

मी धावत गेले, पोरांना रागावले, ओणवं उभं करीन म्हणाले. तिला जवळ घेतलं तर तिनं अंग आखडून घेतलं. त्यानंतर ती वर्गात इंग्रजी बोलेनाशी झाली. ‘गुड मॉर्निंग’सुद्धा नाही. बाकीचं सगळं लिहायची, गणितं सोडवायची, पण इंग्रजीचं पुस्तक काढलं की ओठ घट्ट.

म्हणून मी एका संध्याकाळी तिच्या घरी गेले. आजी दारात तूर पाखडत होती. मला बसायला पोतं दिलं, पाणी दिलं. मुलगी घरात होती, बाहेर आली नाही.

"आजी, कारखाना चालू आहे म्हणून ते अडकलेत," मी म्हणाले. "तिच्या बोलण्याचा काही संबंध नाही. तिला तुम्ही समजावून सांगा."

आजीनं सूप खाली ठेवलं. "म्या कुठं म्हंते संबंध हाय? पट्टा पडला न्हाई, मला ठावं हाय. मी बी तीस वरसं तोडलाय ऊस."

"मग?"

"तुमी शिकवा बाई, त्याला ना न्हाई. पर ती तुमाला दोष देत न्हाई, मला देत न्हाई. सोताला देती. म्हंती, म्या बोल्ले म्हनून आई आली न्हाई. आता हे म्या कसं काढू तिच्या डोस्क्यातून?"

चीड तर एवढी आली होती, की तिथल्या तिथं मोबाईल दगडावर आपटावा. घरी आल्यावर मी ग्रुपवरचा व्हिडिओ काढायला गेले, तर वेळ उलटून गेल्यामुळं तो सगळ्यांच्या मोबाईलमधून निघेना. प्रशिक्षक सरांना फोन केला.

"सर, तो व्हिडिओ प्लीज डिलीट करायला सांगा सगळ्यांना."

"का मॅडम? जिल्ह्यावर पाठवलाय आपण. बेस्ट आहे तो."

"त्या मुलीची आई आलेली नाही अजून."

"पण मॅडम, युसेज तर करेक्ट आहे ना?"

मी फोन बंद केला. करेक्ट होतंच. त्यातच तर सगळी अडचण होती. मी हॉलमध्ये चुकीचा शब्द वापरला, लोक हसले, मी घरी आले, विषय संपला. हिनं बरोबर वापरला आणि तिला तो असा महागात पडला.

मढीची यात्रा झाली, पाडवा झाला. पाडव्यानंतर चार दिवसांनी, एका बुधवारी, आमच्या वस्तीची टोळी ट्रकनं आली. मला ते शाळेत कळलं, कारण त्या दिवशी दुपारनंतर वर्गात पाचच जण उरले. ती मुलगी तर निरोप न घेता दप्तर टाकूनच गेली होती. पुढचे दोन दिवस ती आली नाही. मीही बोलवायला कुणाला पाठवलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी स्कूटी काढत होते, तर तिची आई फाटकाशी उभी. उन्हानं काळीठिक्कर पडलेली, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे, अंगावर मात्र धुतलेलं लुगडं. लेकीचं दप्तर न्यायला आली होती, ते खांद्याला अडकवलेलं. आता ही काय बोलणार, म्हणून मीच आधी म्हणाले, "चुकलं माझं. मी तिला बळंच बोलायला लावलं."

"व्हय का?" ती म्हणाली. तिला माझं बोलणं बहुतेक कळलं नाही. "बाई, त्यो विडिव आमी उसाच्या फडात बगितला. मुकादमाच्या फोनवर कुटून तरी आल्ता. समद्या बाया कोयतं ठिवून गोळा झाल्या. माजी लेक विंग्रजी बोलतीय म्हनून."

"तुम्ही बघितला?"

"चार-पाच येळा. त्यातलं मदर कळलं, संडे कळलं. त्या रविवारी लई जीव तुटला बगा. मुकादमाला म्हनलं, मला एकलीला तरी जाऊ द्या. त्यो म्हनला, तुज्यामागं समदी निगत्याल." तिनं फाटकावर हात ठेवला. "पर आधीचा शबुद न्हाई कळला मला. ती काय म्हनली वो? तिला इचारलं तर सांगतच न्हाई."

फाटकात उभी राहून मी तिला एक्सायटेडचा अर्थ सांगायला लागले. उत्सुक म्हणाले नाही. म्हणाले, "ती म्हणाली, कधी एकदा आई येतीय असं झालंय मला."

तिनं दप्तर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "आसं ती मला कदी म्हनली न्हाई."

"मलाही म्हणणार नव्हती," मी म्हणाले. तेवढंच खरं बोलता आलं.

पुढच्या महिन्यात केंद्राच्या शिक्षण परिषदेत माझा अनुभव सांगायला मला उभं केलं. व्हिडिओ पडद्यावर मोठा करून लावला. माझं नाव पुकारल्यावर मी गेले आणि सांगितलं, की एक्सायटेड आणि एक्सायटिंगमध्ये अमुक फरक आहे, तो कुणीतरी आम्हाला दोन मिनिटं काढून आधी सांगायला हवा होता. आणि लेकरांकडून कुठला शब्द वदवून घ्यायचा, हे ठरवताना त्यांच्या घरची परिस्थिती आधी बघायला हवी होती, ती मी बघितली नाही. टाळ्या वाजल्या. समोर बसलेल्या निम्म्या लोकांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं. दुसरं लिहून घेताना मला कुणी दिसलं नाही. प्रशिक्षक सरांनी मला पुढच्या महिन्याचा शब्द दिला. तो मी कागदावर घेतला आणि आजपर्यंत वर्गात शिकवलेला नाही.

आई फाटकाशी भेटली त्यानंतरच्या सोमवारपासूनच ती मुलगी शाळेत यायला लागली होती. हसायची, खेळायची, आईनं आणलेली काचेची बांगडी दाखवायची. इंग्रजीचा धडा वाचायलाही लागली, हळू आवाजात. मला वाटलं, निवळलं सगळं. शेवटच्या दिवशी निकालपत्रकं वाटताना मी तिला विचारलं, कारण आमच्याकडं चौथीपर्यंतच शाळा आहे आणि जूनमध्ये तिला पलीकडच्या गावातल्या मोठ्या शाळेत जायचं होतं. पुस्तकं नवी, मैत्रिणी नव्या, सायकलही मिळेल कदाचित.

"मग? पाचवीत जायचं. एक्सायटेड?"

तिनं निकालपत्रकाची घडी केली, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून.

"बगू, बाई," ती म्हणाली.

मोठी माणसं म्हणतात तसंच म्हणाली. मग मैत्रिणी हाक मारत होत्या म्हणून पळत गेली. मी उरलेली निकालपत्रकं वाटली, वर्गाला कुलूप लावलं, आणि घरी येईपर्यंत रस्ताभर स्वतःशीच चरफडत राहिले.